वहिनीचं ‘झालं’

ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम भांडायला आल्या नव्हत्या, हेच जास्त वाईट होतं. त्यांनी पिशवीतून गाडीच्या दाराचं आतलं हँडल काढून टेबलावर ठेवलं. त्याच्याशेजारी त्यावरून निघालेला रंगाचा पोपडा ठेवला आणि हात मागे घेतले. पोपडा दुधावरची साय निघावी तसा अखंड निघाला होता.

“पाचही गाड्यांचं असंच झालंय,” त्या म्हणाल्या. “शिकायला येणाऱ्यांच्या हाताला रंग लागतोय. एका मुलीने तर विचारलं, गाडी कात टाकते का?”

मिस्त्रींनी हँडल उचललं, कडेला नख लावलं. उरलेला रंगही मुकाट्याने उठून आला. बावीस वर्षं ते गाड्यांच्या आतल्या प्लॅस्टिकला रंग मारत होते. डॅशबोर्ड, दारांची पॅनेलं, गिअरभोवतीची पट्टी, जे काही उन्हाने पिवळं पडतं आणि हातांनी झिजतं ते सगळं. आपल्या हातचा रंग असा परत आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“आठ दिवस द्या. सगळं काढून पुन्हा करून देतो.”

“देते की. पण पुढच्या महिन्यात अजून सात गाड्या यायच्यात. त्या कुणाकडे द्यायच्या ते यावर ठरेल,” मॅडम म्हणाल्या, आणि जाताना नेहमीसारखं “येते वहिनी” म्हणून गेल्या.

वहिनी टेबलाच्या पलीकडे हातात फडकं घेऊन उभी होती. ती मिस्त्रींची बायको. पण तिला सगळं जग वहिनीच म्हणायचं. मीटर बघायला येणारा माणूससुद्धा रीडिंग घेऊन “येतो वहिनी” म्हणून जायचा. रंग का सुटला हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं, निदान तिची तशी समजूत होती.

प्लॅस्टिकला रंग मारणं कुणालाही जमतं. बाजारातून डबा आणा, फवारा, दोन दिवस ऐटीत मिरवा. टिकवणं ही वेगळी गोष्ट आहे. लोक गाडीच्या आत चमकवायचं पॉलिश चोळतात, रोज सकाळी चोळतात, जसं काही गाडीचं लग्न आहे. ते पॉलिश प्लॅस्टिकच्या बारीक दाण्यांत मुरून बसतं. वरून पुसलं की वाटतं गेलं, पण ते आत दबा धरून असतं, आणि त्यावर रंग मारला की पहिल्या कडक उन्हात घाम फुटावा तसं वर येतं. मग रंग प्लॅस्टिकला धरून राहत नाही, नुसता वर पांघरलेला असतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, क्लीनरने पुसायचं, राखाडी जाळीने घासून चमक मारायची, पुन्हा पुसायचं. मग दिव्याखाली तुकडा जरा गरम करायचा आणि वास घ्यायचा. पॉलिश उरलं असेल तर एक गोडसर, तुपट वास येतो. नसेल तर नुसत्या गरम प्लॅस्टिकचा येतो. एवढं झालं की मगच प्रायमर, मग रंगाचे तीन पातळ हात, आणि वर मॅट क्लिअर.

वास घेण्याचं काम वहिनीचं. मिस्त्रींनी तरुणपणी तोंडावर काही न बांधता रंग मारला होता. मास्क लावणं त्यांना नाजूकपणाचं वाटे. चाळिशी उलटायच्या आत त्यांचं नाक कामातून गेलं. तेव्हापासून दूध नासलंय की चांगलं आहे तेही ते बायकोला विचारून पीत. वहिनी तुकडा नाकाजवळ धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “झालं.” ती ‘झालं’ म्हणेपर्यंत मिस्त्री रंग फवारायच्या गनला हात लावत नसत. एकदा एका घाईतल्या डॉक्टरला त्यांनी चार तास बसवून ठेवलं होतं, कारण वहिनीचं ‘झालं’ आलं नव्हतं. तिला स्वतःला मास्क लावता यायचा नाही, कारण मास्क लावून वास कसा घेणार? भिंतीवर मास्क अडकवायला तीन खुंट्या होत्या. त्यातल्या मधल्या खुंटीवर तिची नुसती ओढणी असायची.

तीन महिन्यांपूर्वी ती तापाने आठ दिवस पडली. ताप उतरला आणि एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळंठिक्कर झालं, आणि ती गॅसपासून दोन हातांवर बसून भाजी निवडत होती. धाकटा, म्हणजे मिस्त्रींचा भाऊ, धावत येऊन गॅस बंद करून गेला तेव्हा तिला कळलं. ती म्हणाली, “डोळा लागला होता जरा.”

मग तिने कपाटातला साबण हुंगला. केरोसीनचा डबा हुंगला. उशी हुंगली. जगातून कुणीतरी सगळे वास गोळा करून नेले होते. येईल परत, असं ती स्वतःला म्हणाली. आज येईल, उद्या येईल. कामावर गेली, तुकडा नाकाजवळ धरला, डोळे मिटले आणि सवयीने म्हणाली, “झालं.” मिस्त्रींनी गन उचलली. एकदा तोंडातून गेलेलं पुढच्या वेळी गिळणं अवघड असतं. शिवाय तिने उपाय काढला होता. आधी दोनदा पुसायची, आता ती पाच-पाचदा पुसत होती. हात दुखेस्तोवर पुसत होती. तीन महिने सगळं ठीक चाललं, आणि तिला वाटलं की निभावलं.

ती खरं काय ते का बोलली नाही, असं कुणी विचारलं असतं तर तिला नीट सांगता आलं नसतं. स्वयंपाक सगळ्याच करतात. पण बावीस वर्षं ज्या माणसाने कुणाचं ऐकलं नाही तो तिच्या एका शब्दासाठी हातात गन घेऊन ताटकळत उभा राहायचा, हे दुसऱ्या कुठल्या बाईला मिळालं होतं? ते सोडवत नव्हतं. लाज वाटण्यासारखं होतं, पण खरं होतं.

मॅडम गेल्यावर मिस्त्रींनी प्रायमरचा डबा खाली काढला आणि टेबलावर आदळला.

“हा कुणी आणला?”

“मी,” धाकटा म्हणाला. “नेहमीचा संपला होता दुकानात. दुकानदार म्हणाला, हाही तितकाच चांगला आहे.”

“दुकानदार म्हणाला. आणि तू आणलास.”

“दादा, ह्याच प्रायमरवर मॅडमच्या गाड्यांआधी किती कामं केली आपण. ती सगळी जागच्या जागी आहेत.”

“ती आज आहेत. उद्या तीही येतील पिशव्यांतून.”

“टेपची परीक्षा तू स्वतः घेतली होतीस. तेव्हा निघाला नाही रंग.”

परीक्षा घेतली होती हे खरं. पात्याने बारीक चौकटी पाडायच्या, टेप चिकटवून खसकन ओढायची. पण डाग दिसू नये म्हणून ती नेहमी मागच्या कडेला घेतात, आणि मागच्या कडेला कुणी पॉलिश चोळत नाही. हे वहिनीला त्याच क्षणी उमगलं.

मिस्त्रींचा आवाज चढत गेला. आधी प्रायमर निघाला, मग धाकट्याचं उशिरा उठणं निघालं, मग मागच्या अंगणातला नळ निघाला. “पुसलेले तुकडे रंगासाठी तारेवर टांगायला सांगितले की हा ते घेऊन मागे नळावर जाणार आणि अर्धा तास गायब. काय करतोस काय तिथे? आंघोळ घालतोस त्यांना?” आणि शेवटी ज्या वाक्यावर सगळी भांडणं येऊन थांबतात ते आलं. “तुला इथे राहून माझं नाव घालवायचं असेल, तर नको राहूस.”

धाकट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्याने वहिनीकडे बघितलं. ती ह्या घरात आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. दप्तराचा तुटलेला पट्टा हातात धरून दारात उभा होता, आणि तिने पहिल्याच दिवशी तो शिवून दिला होता. आता तिशी ओलांडलेला हा गडी तिच्याकडे बघत होता, आणि ती फडक्याची घडी घालत होती. एकदा घातली. मोडली. पुन्हा घातली.

धाकट्याने तोंड मिटलं, खुंटीवरचा आपला मास्क काढला आणि गेला. संध्याकाळी घरी येऊन कपडे घेऊन गेला, तेव्हा ती मुद्दाम शेजारी जाऊन बसली होती.

दोन दिवस मिस्त्रींनी पाची गाड्यांचे तुकडे खरवडून कोरे केले. जुन्या प्रायमरचा डबा कुठूनतरी पैदा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला तुकडा वहिनीसमोर आला आणि तिने पुसायला घेतला. एकदा, दोनदा, पाचदा, सातदा. आणि सातव्यांदा पुसताना तिचा हात थांबला. हे काम टिकलं, तर प्रायमरच खराब होता हे सिद्ध होईल. धाकट्याच्या डोक्यावर खापर कायमचं फुटेल. ती जितकं चांगलं पुसेल तितका तो दोषी ठरेल. आणि काम नाही टिकलं, तर वर्कशॉपला कुलूप. असं कात्रीत कधी कुणी सापडू नये.

“काय झालं?” मिस्त्री आतून म्हणाले.

“क्लीनर संपलंय. बघते मागे आहे का.”

क्लीनर संपलं नव्हतं. तिला जरा उघड्यावर श्वास घ्यायचा होता. मागच्या अंगणात ती क्वचितच जायची. नळापाशी एक विटांचा कट्टा होता. कट्ट्यामागे तिला एक प्लॅस्टिकचा मग दिसला. शेजारी क्लीनरची अर्धी बाटली, आणि एका डब्यात पांढऱ्या फडक्यांची चळत. एकेक फडकं तळहाताएवढं कापलेलं, कडा सरळ, एकावर एक रचलेली. दुसऱ्या डब्यात वापरलेली फडकी होती. तिने एक उचलून चोळलं. बोटं घसरली. त्यावर पॉलिश होतं.

ती कट्ट्यावर बसली. तिने पुसून दिलेल्या तुकड्यांवरचं पॉलिश होतं ते.

मग तिने बोटांवर दिवस मोजले. मॅडमच्या गाड्यांचं काम झालं त्या आठवड्यात धाकट्याने अक्कलदाढ काढून घेतली होती. गाल सुजून भोपळा झाला होता, आणि तो चार दिवस घरी पडून पातळ भात खात होता. त्या चार दिवसांत तुकडे तारेवर मिस्त्रींनीच टांगले होते. तिच्या हातून तुकडे घेऊन सरळ आत नेले होते, नळावर न थांबता. तीन महिन्यांत फक्त तेवढंच काम फक्त तिचं होतं. आणि तेवढंच परत आलं होतं.

तिला रडू आलं नाही. कुणीतरी थोबाडीत मारावी तसा चेहरा गरम झाला, एवढंच.

ती पुढे आली, “तासाभरात येते” म्हणाली आणि मिस्त्री काही विचारायच्या आत निघाली. धाकटा एका मित्राकडे राहत होता, टायरच्या दुकानावरच्या खोलीत. जिना लोखंडी होता आणि खालून रबराचा वास येत असणार. तो दारातच बूट पुसत बसला होता.

“कधी कळलं तुला?” तिने विचारलं. ती बसली नाही, पाणी मागितलं नाही.

त्यानेही उगाच आढेवेढे घेतले नाहीत. “दूध करपलं त्या दिवशी शंका आली. मग आठवड्याने तू डब्यात आंबलेली भाजी दिलीस. मी खाल्ली. दादाला कळणारच नव्हतं, त्याने तर दोनदा घेतली.”

तिला हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं.

“पण मी पाच-पाचदा पुसत होते रे. मग पॉलिश राहतं कसं?”

“एकाच फडक्याने पुसत होतीस. आधी तू फडकं हुंगायचीस आणि फेकायचीस. फडकं भरलं की ते पॉलिश काढत नाही, उलट लावतं. एका तुकड्याचं दुसऱ्याला. जितकं पुसशील तितकं जास्त.” त्याने बूट बाजूला ठेवला. “मला तरी तुझ्यासारखं नाक कुठंय? मी पाणी ओततो. घासलेल्या तुकड्यावर मगभर पाणी सोडायचं. स्वच्छ असला तर पाणी सपाट पसरतं, घट्ट बसतं. पॉलिश असलं तर फुटतं, थेंब थेंब होऊन पळतं. पळालं की नवं फडकं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायला आलो होतो एकदा. तेवढ्यात तू डोळे मिटून ‘झालं’ म्हणालीस आणि दादाने मान डोलावली. मग नाही सांगवलं.”

“आणि परवा? दादा एवढं बोलत होते, तेव्हा?”

खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

“परवा मी थांबलो, वहिनी,” तो म्हणाला. “तू बोलशील म्हणून.”

तो चांगल्या शब्दांत बोलला होता, आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते आत कुठेतरी जाऊन रुतलं. हा मुलगा तिच्यासाठी तीन महिने चोरून पुसत राहिला, आणि ती त्याच्यासाठी एक वाक्य बोलली नाही.

“चल घरी,” ती म्हणाली.

“दादाने बोलावलंय?”

खोटं बोलायला एक क्षण पुरेसा होता. “नाही,” ती म्हणाली.

“मग नको. सोमवारपासून मोठ्या गॅरेजमध्ये जायचंय. शब्द दिलाय मी त्यांना.”

ती परतली तेव्हा मिस्त्री प्रायमर गाळून, गन भरून बसले होते. चेहरा आंबट. पहिला तुकडा तिने सोडला होता तिथेच टेबलावर होता. त्यांनी तो उचलून तिच्यासमोर धरला.

“झालं का हे?”

तिने तुकडा घेतला. नाकाजवळ नेला नाही. मागच्या नळावरून मग भरून आणला, तुकडा तिरका धरला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी ओतलं. पाणी फुटलं. थेंब सैरावैरा पळाले आणि खाली टपटपले.

“नाही झालं,” ती म्हणाली. “मला वास येत नाही. तापापासून येत नाही. मॅडमच्या गाड्या माझ्यामुळे सोलल्या. प्रायमर चांगला होता.” मग नळाचं, फडक्यांचं, अक्कलदाढेचं, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मिस्त्री ओल्या जमिनीकडे बघत राहिले. ते रागावतील याची तिने तयारी ठेवली होती. पण ते बोलले तेव्हा आवाज दुखावलेला होता.

“मला सांगायचंस. माझंही गेलंच आहे की नाक. मला कळलं नसतं का? मी काय तुला बाहेर काढणार होतो?”

“त्याला काढलंत की,” ती म्हणाली. “आणि मी बघत उभी राहिले.”

कॉम्प्रेसर मधूनच घरघरला आणि बंद पडला. मिस्त्रींनी गन रिकामी केली, धुतली, जागेवर ठेवली. हात पुसले. एवढं सगळं करायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“कुठे राहतोय तो?”

तिने टायरच्या दुकानाचा पत्ता सांगितला. ते गेले.

वहिनीने पांढऱ्या फडक्यांचा डबा टेबलावर आणला. एक फडकं, एक पुसणं, मग ते टाकायचं. पाणी ओतायचं. पळालं. दुसरं फडकं. पाचव्या फडक्याला पाणी तुकड्यावर पसरलं आणि तिथेच राहिलं, काच ठेवल्यासारखं. ‘झालं’ म्हणायला समोर कुणी नव्हतं. तिने तुकडा तारेवर अडकवला आणि पुढचा घेतला.

ऊन कलल्यावर मिस्त्री परत आले. एकटेच. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ बुटाची लेस सोडत राहिले.

“नाही म्हणतोय,” ते म्हणाले. “मी माफी मागितली. वयाने वीस वर्षांनी लहान आहे माझ्याहून, तरी मागितली. ‘मनात काही नाही दादा’ म्हणाला, चहा पाजला. पण शब्द दिलाय, मोडणार नाही म्हणतो. जेवायला येत जाईन रविवारी, असं म्हणाला.” त्यांनी खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. धाकट्याचा मास्क होता, रबर ताणून ताणून सैल झालेलं. “हा तुला दिलाय. म्हणाला, वहिनीला सांग, आता तिला हुंगायचं नाहीये, तर लाव म्हणावं. एखादे दिवशी परत आलाच वास, तर त्याला वाट राहू दे.”

तिने मास्क हातात घेतला. कडा स्वच्छ पुसलेल्या होत्या, नव्या फडक्याने पुसल्यासारख्या. आत कापडाला त्याच्या घामाचा, त्याच्या साबणाचा वास नक्की असणार. तो बारा वर्षांचा असल्यापासून तिने त्याचे कपडे धुतले होते, अंधारातसुद्धा तिने तो ओळखला असता.

तिने मास्क नाकावर चढवला, रबर डोक्यामागे अडकवलं आणि खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. नंतर तिने मग उचलला आणि पुढच्या तुकड्यावर पाणी सोडलं.